कुक्कुटीचा पुंवद्भाव : आरवणाऱ्या कोंबडीविषयीं ग्रंथ व लोकाचार

शकुनाच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांना कोंबड्याच्या बांगेवरील शकुन नवे नाहींत. कोंबडा कोणत्या वेळीं आरवला, कोणत्या स्वरानें आरवला, यांवरून राजा, राष्ट्र व नगर यांचीं शुभाशुभ फळें सांगण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे. परंतु कोंबडी आरवली असतां काय, हा प्रश्न खेड्यापाड्यांत जितका जिवंत आहे तितका तो ग्रंथांत नाहीं. पैठण तालुक्यांतील आमच्या पाचोड गांवांत व शेजारच्या वाड्यावस्त्यांवर, कोंबडा नसलेल्या खुराड्यांतील एखादी कोंबडी पहांटे मान ताणून बांग देऊं लागली, कीं घरांतील वडीलधारी बाई तिला ठेवूं देत नाहीं. कापावी कीं बाजारांत नेऊन विकावी, एवढाच काय तो वाद राहतो. कारण विचारलें तर उत्तर ठरलेलें : घरावर कांहीं तरी संकट येणार. आणि आधार विचारला तर तोही ठरलेलाच : पोथींत लिहिलें आहे.

कोणत्या पोथींत, हें मात्र कोणी सांगत नाहीं. हस्तलिखितांचा व्यासंग करणाऱ्या मंडळींना हा प्रश्न क्षुद्र वाटूं नये. एखादा आचार शास्त्रांतून लोकांत उतरला, कीं लोकांत जन्मून मागाहून शास्त्राचें नांव लावूं लागला, याचा निर्णय करण्यास असे लहान विषय फार सोयीचे असतात. मोठ्या विषयांत भक्ति व अभिमान आड येतात, कोंबडीच्या बाबतींत दोन्ही येत नाहींत. शिवाय हा निर्णय केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नाहीं. ज्या घरीं पांचसात कोंबड्यांच्या अंड्यांवर मीठमिरचीचा खर्च चालतो, त्या घरची एक कोंबडी या समजुतीपायीं जाते.

प्रथम वराहमिहिर घेऊं. इसवी सनाच्या सहाव्या शतकांतील या ग्रंथकाराची बृहत्संहिता हा शकुन व उत्पात या विषयांत सर्वमान्य आधार आहे. कर्न यांनीं बिब्लिओथेका इंडिका मालेंत तिचें संपादन केलें, तें १८६५ सालीं पुरें झालें, तेव्हांपासून ती सर्वांस सुलभ आहे. तींत कोंबड्याचा विचार निरनिराळ्या ठिकाणीं आला आहे. त्यांपैकीं तीन स्थळें एकत्र ठेवून वाचल्याखेरीज ग्रंथकाराचा रोख कळत नाहीं.

पहिलें स्थळ कुक्कुटलक्षणाचें. अध्याय अगदीं लहान. पांढरा, सरळ पिसांचा, तोंड, नखें व तुरा तांबडा असलेला, आणि रात्रीच्या शेवटीं सुस्वर आरवणारा कोंबडा राजाला, राष्ट्राला व घोड्यांना वृद्धिकारक, असें तेथें सांगितलें आहे. अध्यायांत कोंबडीलाही एक श्लोक मिळाला आहे : जिचा आवाज मृदु व मधुर, अंग तुकतुकीत, तोंड व डोळे सुंदर, ती राजांना दीर्घकाळ संपत्ति, यश व विजय देते. दुसरें स्थळ उत्पाताध्यायांतील. पशुपक्ष्यांच्या विपरीत वागण्याची तेथें यादी आहे. गांवचे प्राणी रानांत जाणें, रानचे प्राणी गांवांत शिरणें, हेमंताच्या आरंभीं कोकिळेनें गाणें, यांच्याच पंक्तींत प्रदोषकाळीं कोंबड्याचा शब्द ऐकूं येणें हा उत्पात मानला आहे. तिसरें स्थळ शकुनभागांतील, पक्ष्यांच्या शब्दांविषयींचें. कोंबड्याचा ‘कुकुकुकु’ हा नेहमींचा शब्द सोडून रात्रीं त्यानें काढलेले इतर आवाज भयप्रद, आणि रात्र संपतांना स्वस्थ पक्ष्यानें काढलेला स्वाभाविक उंच स्वर राष्ट्र, नगर व राजा यांस वृद्धिदायक, असा त्याचा भावार्थ.

आतां या तिन्ही स्थळांत विकृति कशांत मानली आहे तें पाहावें. ती काळांत मानली आहे, ती स्वरांत मानली आहे. आरवणारा पक्षी मादी आहे म्हणून अनिष्ट फळ, असें यांपैकीं एकाही ठिकाणीं सांगितलेलें नाहीं. कोंबडीचा मृदु आवाज शुभ म्हटला आहे, त्यावरून तिचा मोठा आवाज अशुभ, असें अनुमान कोणी काढील. पण तें ओढूनताणून आणलेलें होय. लक्षणाध्यायांत राजानें कोणता पक्षी बाळगावा हें सांगावयाचें असतें, घरच्या पक्ष्यानें काय केलें असतां त्याला मारावें हें नव्हे. उत्पाताध्यायांत देखील पशुपक्ष्यांच्या विकारांवर उपाय सांगितला आहे तो दक्षिणेसह होमाचा. पक्षी कापण्याचा नाहीं. पहांटे, योग्य वेळीं, स्वस्थ पक्ष्यानें उंच स्वरानें दिलेली बांग वराहमिहिराच्या मापानें शुभच ठरते. ती कोंबडीच्या गळ्यांतून निघाली म्हणून घर बुडतें, हें कलम आमच्या पाचोडच्या बायकांनीं जेथून कोठून घेतलें असेल तेथून असो, या तीन स्थळांतून घेतलेलें नाहीं.

वैयाकरणांनीं मात्र कोंबडीला एका बाबतींत नराचा दर्जा फार पूर्वींच देऊन टाकला आहे. पाणिनीच्या समासप्रकरणांत स्त्रीलिंगी पूर्वपदाला पुंवद्भाव होण्याचे, म्हणजे तें पद पुल्लिंगी असल्यासारखें वागविण्याचे, नियम आहेत. त्यांवर वार्तिककारानें अंड इत्यादि शब्द पुढें असतां कुक्कुटी इत्यादि शब्दांनाही हा पुंवद्भाव सांगितला, आणि महाभाष्यांत त्याचें उदाहरण म्हणून ‘कुक्कुटाण्ड’ हा शब्द दिला. अंडें कुक्कुटीचें, पण समासांत तें कुक्कुटाचें. वर्गांत हें वार्तिक शिकवितांना मुलें हमखास हंसत, आणि तें त्यांच्या कायमचें ध्यानांत राहत असे. कोंबड्याच्या शब्दाकडेही या शास्त्राचें लक्ष बारीक होतें. ह्रस्व, दीर्घ व प्लुत यांची व्याख्या करणाऱ्या सूत्रांत पाणिनीनें इतर स्वर सोडून उकारच कां घेतला, याचें कारण टीकाकार असें देतात कीं, कोंबड्याच्या आरवण्यांत उकाराच्या एक, दोन व तीन मात्रा ओळीनें स्पष्ट ऐकूं येतात. यास्कानेंही ‘कृकवाकु’ या नांवाचें पूर्वपद आवाजाचें अनुकरण म्हणून सांगितलें आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. शास्त्रीमंडळींनीं कोंबड्याचा आवाज अत्यंत लक्षपूर्वक ऐकला. पण तो शेजारच्या आळींतून ऐकला. पक्षी त्यांच्या अंगणांत नव्हता. मनुस्मृतींत गांवठी कोंबडा अभक्ष्य ठरविला आहे, श्राद्धाच्या वेळीं जेवणाऱ्या ब्राह्मणांवर त्याची दृष्टि पडूं नये असें सांगितलें आहे, आणि त्याच्या पंखांच्या वाऱ्यानें देखील श्राद्धान्न दूषित होतें असें म्हटलें आहे. पाचोड ज्या तालुक्यांत आहे तें पैठण धर्मशास्त्राचें केवढें मोठें पीठ होतें, हें वाचकांस सांगावयास नको. तेथूनच रामेश्वरभट्ट काशीस गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, आणि पणतू कमलाकरभट्ट, ज्यांचा निर्णयसिंधु १६१२ सालीं पुरा झाला. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक करणारे गागाभट्टही याच कुळांतले. अशा घरांत खुराडें असणें शक्य नव्हतें. आणि जीं हस्तलिखितें आज आपण जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून उतरवितों तीं बहुतेक अशाच घरांतलीं. ज्यांनीं लिहिलें त्यांनीं कोंबड्या पाळल्या नाहींत, ज्यांनीं कोंबड्या पाळल्या त्यांनीं लिहिलें नाहीं. आरवणाऱ्या कोंबडीविषयीं आमच्या पोथ्या मुक्या आहेत याचें मुख्य कारण हेंच असावें असें मला वाटतें.

राजदरबारची गोष्ट थोडी निराळी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, राजाच्या विनोदांमध्यें ताम्रचूडविनोद, अर्थात् कोंबड्यांची झुंज, हें स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच्याही आधीं दंडीच्या दशकुमारचरितांत नारिकेल व बलाका अशा दोन जातींच्या कोंबड्यांची झुंज आली आहे. परंतु झुंजीच्या शौकिनाला नर हवा. कोंबडी त्याच्या दृष्टीनें केवळ झुंजार पिलांची आई. म्हणून येथेंही आपला प्रश्न तसाच राहतो.

ज्या देशांत दरबारचे ज्योतिषी उत्पातांची नोंद करीत व ती नोंद राजेतिहासांत जाऊन बसे, तेथें स्थिति वेगळी आहे. असा देश चीन. तेथील प्राचीन ‘शू-चिंग’ या संग्रहांत, शांग वंशाच्या शेवटच्या राजावर चाल करून जाणाऱ्या वू राजाचें रणांगणावरील भाषण दिलें आहे. कोंबडीनें पहांट सांगूं नये, सांगितली तर घराचा नाश होतो, असें पूर्वजांचें वचन तो सैन्यापुढें ठेवतो आणि लगेच शत्रूवर आरोप करतो कीं, हा राजा बायकोच्या सांगण्यावर चालतो. आमच्या गांवीं ऐकूं येणारी समजूत जशीच्या तशी येथें आहे, आणि तिचें मूळही उघडें आहे. आक्षेप पक्ष्यावर नाहींच. स्त्रीनें पुरुषाच्या जागीं बोलूं नये हा त्यांतला खरा अर्थ, आणि कोंबडी त्याला दृष्टांत म्हणून सांपडलेली. वराहमिहिराच्या काळस्वरविचाराहून ही जात निराळी आहे. ती चीनमधून पैठणपर्यंत चालत आली असें मीं म्हणत नाहीं. पुरुषाचें घर व कोंबड्याचें खुराडें यांची तुलना कोणत्याही देशांतल्या माणसाला आपण होऊन सुचेल.

याच चिनी वाङ्मयांत आपल्या विषयाच्या दोन नोंदी अशा आहेत कीं, त्यांच्या तोडीची जुनी नोंद मला अन्यत्र ठाऊक नाहीं. हान वंशाच्या इतिहासांत पंचमहाभूतांच्या विकारांवर एक स्वतंत्र भाग आहे. त्यांत लिहिलें आहे कीं, इसवी सनापूर्वीं ४९ व्या वर्षीं राजवाड्यांतील एक कोंबडी नर बनली. तिचीं पिसें बदललीं, पण ती आरवली नाहीं, तिनें कळपाचें पुढारीपण केलें नाहीं, आणि तिच्या पायांना मागचे कांटे आले नाहींत. पुढें, इसवी सनापूर्वीं ४८ ते ४४ या वर्षांत, प्रधानाच्या कचेरींतील एका कारकुनाच्या घरीं अंड्यांवर बसलेली कोंबडी हळूहळू नर होत गेली. तिला तुरा आला, कांटे आले, ती आरवूं लागली आणि कळपाच्या पुढें चालूं लागली. इतिहासकारानें या दोन्ही गोष्टींचा अर्थ राणीच्या माहेरच्या मंडळींच्या वाढत्या सत्तेशीं लावला आहे, तो आपण सोडून देऊं. परंतु त्यानें काय झालें आणि काय झालें नाहीं, दोन्ही लिहून ठेवलें. पहिल्या पक्ष्याविषयींचे ते तीन नकार अमूल्य आहेत. कां तें पुढें दिसेल.

पश्चिमेकडे ॲरिस्टॉटलनें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत, प्राण्यांच्या इतिहासाच्या नवव्या पुस्तकांत, हाच विषय शकुनाचा लवलेशही न आणतां सांगितला आहे. कोंबड्याला झुंजींत हरविलेल्या कोंबड्या आरवूं लागतात, नरासारखें वागूं पाहतात, त्यांचा तुरा व शेपूट उभें राहतें, इतकें कीं त्या कोंबड्या आहेत हें ओळखणें कठीण पडतें. कांहींना लहानसे कांटेही फुटतात. त्याच्या जोडीला तो उलट बाजूही देतो : कोंबडी मेल्यावर पिलांना चारणारे, सांभाळणारे आणि त्या काळांत न आरवणारे कोंबडे पाहण्यांत आले आहेत. एवढ्या स्पष्ट निरीक्षणानंतर १८ शतकें उलटल्यावर, १४७४ सालीं, स्वित्झर्लंडांतील बाझेल शहरांत एका कोंबड्यावर अंडें घातल्याचा आरोप ठेवून त्याला रीतसर शिक्षा सुनावण्यांत आली आणि अंड्यासकट जाळण्यांत आलें. तो ‘कोंबडा’ बहुधा आपल्या विषयांतलीच एखादी कोंबडी असावी. नराचें रूप आलेली, पण अंडें घालण्याची शक्ति पुरती न गेलेली. तेव्हां अज्ञानाचा मक्ता आमच्या खेड्यांनींच घेतला आहे असें कोणीं समजूं नये.

या रूपांतराचा उलगडा गेल्या अडीचशे वर्षांत टप्प्याटप्प्यानें झाला. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनीं १७८० सालीं रॉयल सोसायटीपुढें नराचीं पिसें आलेल्या फेझंट पक्ष्याच्या मादीवर निबंध मांडला. त्यांतच एका लांडोरीची हकीकत आहे. ती एका सरदारघराण्यांतील बाईंनीं पाळलेली होती आणि आठ वेळां तिनें पिलें काढलीं होतीं. सुमारें ११ व्या वर्षीं पिसें गळून नवीं आलीं तीं मोराचीं. पुढें पायांना कांटेही आले, आणि त्यानंतर तिनें पिलें काढलीं नाहींत. वार्धक्य व मादीपणाचा ऱ्हास यांचा या बदलाशीं संबंध असल्याचें हंटर यांनीं ओळखलें. १८४९ सालीं जर्मनींत ग्योटिंगेन येथें बर्थोल्ड यांनीं कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले. ते पक्षी न आरवणारे, लहान तुऱ्याचे झाले. मात्र ज्यांच्या पोटांत वृषण पुन्हां बसविले ते इतर कोंबड्यांसारखेच आरवले व झुंजले. बांगेचें मूळ गळ्यांत नसून रक्तांत मिसळणाऱ्या एका स्रावांत आहे, हें त्यावरून ठरलें.

कोंबडीची रचना या दृष्टीनें फार चमत्कारिक आहे. तिच्या पोटांत कार्यक्षम अंडाशय एकच, तो डावीकडचा. उजवीकडे त्याचा अपूर्ण अवशेष असतो. डावा अंडाशय गांठ, जंतुरोग किंवा वार्धक्य यांमुळें निकामी झाला, तर दाबून ठेवलेला उजवा अवशेष कधीं कधीं वाढूं लागतो आणि तो वृषणासारखा होऊन नराचा स्राव देऊं लागतो. नराचीं लांब, झळाळणारीं पिसें येण्यास मात्र या स्रावाचीही गरज नाहीं. पक्ष्यांत तो मूळचाच वेष असून मादीच्या स्रावानें तो आंवरून धरलेला असतो. तो आवर गेला कीं पुढच्या पिसांबरोबर नराचा वेष आपोआप येतो. तुरा वाढणें व आरवणें यांना मात्र नराचा स्राव लागतो. हें ध्यानांत घेऊन हानवंशीय इतिहासांतील त्या दोन नोंदी पुन्हां वाचाव्या. राजवाड्यांतील कोंबडीचीं पिसें बदललीं पण ती आरवली नाहीं, म्हणजे तिचा अंडाशय गेला पण उजवा अवशेष जागा झाला नसावा. कारकुनाच्या घरच्या कोंबडीचा तो जागा झाला असावा. दोन हजार वर्षांपूर्वीं कोणी अनामिक लेखक जें दिसलें तेवढेंच लिहून गेला, म्हणून आज आपल्याला निदान करण्याचा धीर होतो. त्यानें दोन्ही पक्ष्यांना ‘नर झाली’ एवढेंच म्हणून सोडलें असतें तर ती नोंद इसापाच्या गोष्टींत टाकावी लागली असती.

या मालिकेंतील शेवटची पायरी एडिंबरो येथील पशुप्रजननशास्त्रज्ञ क्रू यांनीं १९२३ सालीं प्रसिद्ध केली. बफ ऑर्पिंग्टन जातीची एक कोंबडी कांहीं वर्षें अंडीं देत होती; पुढें तीं बंद झालीं, ती आरवूं लागली, आणि अखेर दुसऱ्या कोंबडीच्या दोन पिलांचा बाप झाली. शवपरीक्षेंत तिचा अंडाशय रोगानें नष्ट झालेला व वृषणें तयार झालेलीं आढळलीं. हा प्रकार अत्यंत विरळा होय. बहुतेक आरवणाऱ्या कोंबड्या बाप वगैरे कांहीं होत नाहींत. इल-सुद्युम्नाची कथा या ठिकाणीं आणण्याचा मोह आमच्यासारख्या संस्कृतज्ञांना होतो. तो मीं आवरतों.

येथवर जें सांगितलें तें आजारी किंवा वृद्ध कोंबडीचें. पण कोंबड्या पाळणारी कोणतीही अनुभवी बाई येथें अडवून विचारील कीं, आमची कोंबडी तर धडधाकट होती, अंडींही देत होती, तुराही वाढला नव्हता. मग ती कां आरवली? हा आक्षेप रास्त आहे, आणि कोंबडा नसलेल्या खुराड्याचा विचार त्यासाठींच वेगळा करावा लागतो.

कोंबड्यांच्या कळपांत मानपान असतो. कोणी कोणाला टोंचावें व कोणीं मुकाट्यानें बाजूला व्हावें, हा क्रम ठरलेला असतो, आणि दाण्यापाशीं तो रोज पाळला जातो. नॉर्वेंतील शेल्डेरुप-एब्बे यांनीं १९२२ च्या सुमारास हा क्रम शास्त्रीय रीतीनें मांडला. आतां बांग ही या मानाशीं जोडलेली आहे. जपानांतील नागोया विद्यापीठाच्या शिमुरा व योशिमुरा यांनीं २०१३ सालीं असें दाखविलें कीं, कोंबडा उजेड पाहून आरवतो हें पुरतें खरें नाहीं. मंद, न बदलणाऱ्या प्रकाशांत ठेवला तरी आपल्या शरीरांतील घटिकायंत्रावर तो आरवतो. कोंबडें झांकल्यानें तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे; झांकलेलें कोंबडेंही आरवावयाचें राहत नाहीं, ही तिची पुरवणी या दोघांनीं दिली. २०१५ सालीं त्यांनीं पुढचा निष्कर्ष मांडला : एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत पहिली बांग सर्वांत वरच्या मानाचा कोंबडा देतो आणि बाकीचे आपापल्या पायरीनें मागून देतात, वरचा काढून घेतला तर दुसरा त्याची जागा घेतो. जागा रिकामी झाली कीं बांगेचा अधिकार खालीं उतरतो, असा हा प्रकार.

हे प्रयोग कोंबड्यांवरचे, कोंबड्यांमधील माद्यांवरचे नव्हेत, हें खरें. तथापि नराचा स्राव कोंबडीलाही थोड्या प्रमाणांत असतोच, आणि तो बाहेरून पुरेसा दिला तर कोंबडीही आरवते, हें सिद्ध झालेलें आहे. ज्या खुराड्यांत एकही कोंबडा नाहीं तेथें कळपाची वरिष्ठ कोंबडी पुढारीपण घेते, घारीची सावली पडली कीं इशारा देते, भांडणें तोडते, आणि क्वचित् आरवतेही. तिची बांग आंखूड व घोगरी, शेवटचा प्लुत स्वर बहुधा अर्ध्यावर तुटलेला. पाणिनीला उदाहरणासाठीं ही कोंबडी चालली नसती. खुराड्यांत पुन्हां कोंबडा आला म्हणजे पुष्कळदां तिचें आरवणें थांबतें. हा रोग नव्हे.

आमच्या भागांत खुराडें कोंबड्यावांचून राहतें कधीं, हें पाहिलें म्हणजे या समजुतीवर आणखी प्रकाश पडतो. कोंबडी अंड्यांसाठीं ठेवतात. कोंबडा कापण्यासाठीं असतो. जत्रेला, नवसाला, पाहुण्याला आणि सर्वांत जास्त आखाडांत तो खर्ची पडतो. श्रावण लागण्यापूर्वीं गांवोगांव कोंबडे संपतात आणि खुराड्यांत कोंबड्याच उरतात. म्हणजे घरधनी स्वतःच्या हातानें बांग देणाऱ्याला कापतो, त्याची जागा वरिष्ठ कोंबडी घेते, आणि घरधनी म्हणतो कीं घरांत विपरीत घडलें. पावसाळ्याचे ते दिवस तापसराईचे व पटकीचे असत. घरांत कोणी आजारी पडलें कीं महिन्यापूर्वींची बांग आठवे. समजूत दृढ होण्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं. आतां तर कोंबड्यावांचूनचे कळप पूर्वींहून किती तरी वाढले आहेत. १९७१ सालीं पुण्यास व्यंकटेश्वर हॅचरीज सुरू झाली, त्यानंतरच्या काळांत अंड्यांच्या कोंबड्यांचा मोठा धंदा महाराष्ट्रांत उभा राहिला. त्या शेडांत पिंजऱ्यांतून हजारों कोंबड्या असतात आणि कोंबडा एकही नसतो, कारण खाण्याच्या अंड्याला तो लागतच नाहीं. परसांत पाळण्यासाठीं उबवणी केंद्रांतून पिलें आणणारेही नर वाढले कीं विकून टाकतात. तेव्हां पहांटे आरवणारी कोंबडी यापुढें कमी दिसेल असें नाहीं.

मग ती ठेवावी कीं कापावी? शास्त्राचा म्हणून जो आधार सांगतात तो वराहमिहिराच्या उपर्युक्त स्थळांत नाहीं, एवढें दाखविलें आहे. राहिला व्यवहार. अंडीं चालू असतील, तुरा पूर्वींइतकाच असेल, तर कोंबडी निरोगी समजावी; तिनें फक्त रिकामी जागा घेतली आहे. अंडीं बंद होऊन तुरा वाढत व लाल होत असेल, पिसें बदलत असतील, तर तिच्या पोटांत विकार आहे. ती ज्या संकटाची सूचना देते तें तिचें स्वतःचें. अशा कोंबडीकडून अंड्यांची आशा नाहीं, आणि गरीब घरानें तिला किती दिवस दाणा घालावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण घरच्या सुनेला किंवा विधवा जावेला त्या बांगेवरून बोल लावणें, हें मात्र वू राजाच्या भाषणाचें कलम आहे. तें येथें चालविण्याचें कारण नाहीं. असे बोल लावलेले मीं गांवांत ऐकले आहेत, म्हणूनच हा विषय त्रैमासिकाकडे पाठविण्याइतका महत्त्वाचा मानला.

संग्राहकांस दोन विनंत्या आहेत. ज्यांच्या गांवीं कोंबडी आरवल्याचें कळेल त्यांनीं ती कापली जाण्यापूर्वीं जाऊन पाहावें, आणि हान दरबारच्या त्या लेखकाप्रमाणें जें झालें नाहीं तेंही लिहावें : तिचें वय किती, अंडीं चालू आहेत कीं बंद, खुराड्यांतून कोंबडा कधीं गेला, तुरा व पिसें पूर्वींसारखीं आहेत काय, पायांना कांटे आहेत काय, आरवणें पहांटेचें कीं कोणत्याही वेळचें. कापली गेलीच तर डाव्या बाजूचा अंडाशय कसा होता हें कापणाऱ्याला विचारून घ्यावें; त्याला तें नेमकें सांगतां येतें. दुसरी विनंती पोथ्यांविषयीं. वसंतराजशाकुनाच्या प्रती, सहदेव-भाडळीचीं बाडें, जोशांच्या घरचीं फुटकळ शकुनपत्रें यांत कुक्कुटाचें प्रकरण असेल तेथें मूळ श्लोकांइतकेंच समासांतील लिखाणाकडे लक्ष द्यावें. लोकाचार ग्रंथांत शिरतो तो बहुधा समासांतूनच. एखाद्या जोशानें यजमानाच्या घरीं ऐकलेलें कांठाला टिपून ठेवलें आणि पुढच्या लेखकानें तें मूळांत ओढलें, अशीं उदाहरणें संग्राहकांना परिचित आहेत. आरवणाऱ्या कोंबडीचा उल्लेख अशा ठिकाणीं सांपडल्यास तो मूळ शब्दांत, पत्रांक, लेखनाचा शक व पोथीचें गांव देऊन प्रसिद्ध करावा, आणि हात मूळ लेखकाचा आहे कीं मागाहूनचा, हें अक्षरवळणावरून अवश्य नोंदवावें.